लेकीचं टोनर आणि आप्पांचा फवारा

"तोंड धुतलं की धुतलं! त्यावर आणखी पाणी कशाला मारायचं?"

खांद्यावर टॉवेल टाकून सलूनवाले आप्पा बाथरूमच्या दारात रोजच्यासारखे तापले होते. आत त्यांची लेक आरशासमोर उभी राहून कापसाच्या बोळ्याने गाल टिपत होती.

"पाणी नाही बाबा, टोनर आहे. तोंड धुतल्यावर आणि क्रीमच्या आधी लावतात."

"आयुष्यभर लोकांची तोंडं माझ्या हाताखालून गेली. एकाने तरी टोनर मागितलं?"

"मागायला ते समोरच्या पार्लरमध्ये जातात."

आप्पांना हे झोंबलं, कारण ते खरं होतं. दुकानासमोर काचेच्या दाराचं पार्लर झाल्यापासून त्यांची गिऱ्हाइकं गळत चालली होती. हेडसर तेवढे टिकून होते, पण परवा त्यांचेही डोळे काचेकडे वळले होते. हेडसर गेले की सगळे मास्तर त्यांच्या मागे जाणार, आणि मग आप्पांनी स्वतःचीच दाढी करत बसायचं!

दुकानातलं पाणी जड, त्याने फवाऱ्याचं तोंड बुजायचं. म्हणून आप्पा घरूनच पाणी भरून न्यायचे, तेही लेकीने टाकून दिलेल्या टोनरच्या फवाऱ्याच्या बाटलीत. टोनरला शिव्या आणि बाटलीला आसरा, असं त्यांचं धोरण होतं. त्या दिवशी रागाच्या भरात फळीवरची हाताला लागेल ती बाटली उचलून ते तरातरा निघाले.

पहिलं गिऱ्हाईक हवालदार. डोक्यावर फवारा बसताच त्याने नाक वर केलं.

"आप्पा, काकडी चिरताय का?"

"पाणी आहे! गुमान बस!"

दुसरा कापडवाला. आप्पांच्या हातची दाढी होऊन वर फवारा बसला की गिऱ्हाईक "आई गं!" म्हणून विव्हळायचंच. कापडवाला विव्हळला नाही. उलट गालावरून हात फिरवत हसला. आप्पा भडकले. गिऱ्हाईक ओरडलं नाही तर दाढी झाली हे कळायचं कसं?

मग हेडसर आले. आप्पांनी जीव मुठीत धरून वस्तरा चालवला आणि शेवटी फवारा मारला. हेडसरांनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडेनात.

"काय मारलंत हो हे?"

"पाणी, सर."

"मग इतकी वर्षं काय मारत होतात?"

हेडसर उठले. "उद्या आमचे गणिताचे आणि चित्रकलेचे मास्तर येतील. दोघांना हेच मारा."

ते गेल्यावर आप्पांनी बाटली उजेडात धरली. वरचा कागद कोरा करकरीत आणि तळाशी घोटभर ऐवज. म्हणजे लेकीची नवी बाटली त्यांनी दिवसभरात हवालदारापासून हेडसरांपर्यंत शिंपून टाकली होती! आणि पाण्याची बाटली घरी फळीवर होती.

संतापाने फणफणत ते घरी पोचले. लेक आरशासमोरच होती आणि फळीवरच्या बाटलीतलं नळाचं पाणी मनोभावे गालांना लावत होती.

"बघा बाबा! कालच नवी बाटली फोडली आणि आज गाल कसे मऊ लागतायत! आहे की नाही फरक?"

आप्पांचं तोंड उघडलं. "ते पाणी आहे!" हे वाक्य जिभेच्या टोकावर उभं होतं. पण त्याच्या मागोमाग "मग माझं टोनर कुठंय?" हा सवाल येणार होता. रागाच्या बाबतीत लेक बापावर गेली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय उद्या दोन मास्तर येणार होते, आणि कुठली बाटली आणायची हे फक्त तीच सांगू शकत होती.

"आहे," आप्पा दातओठ खात म्हणाले. "फरक आहे. कुठल्या दुकानात मिळतं हे?"

लेकीने आ वासला. मग तिने बापाला दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

"आधी लावून तर बघा. मान वर. हलू नका!"

गार पाणी गालांवर थपथपू लागलं. गिळलेला राग कपाळापासून कानांच्या पाळ्यांपर्यंत चढला आणि आप्पांचा चेहरा लालबुंद झाला.

"आई, लवकर ये!" लेक ओरडली. "पहिल्याच दिवशी बघ बाबांच्या तोंडावर काय तेज आलंय!"