उंच बाटलीचा तपास

स्वतःबद्दल स्वतःच सांगणं बरं दिसत नाही, पण माझ्याबद्दल दुसरं कुणी सांगतच नाही, त्यामुळे माझा नाइलाज आहे. एकतीस वर्षं मी पार्सल कचेरीत हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे बसलो. दोन हजारांवर छत्र्या, एक व्हायोलिन आणि एक लाकडी पाय मी मालकांच्या हवाली केला. पायाचा मालक तर मी निव्वळ बुटाच्या झिजेवरून ओळखला. तो पाय त्याचा नव्हता असं पुढे निघालं, पण निष्कर्षाची पद्धत बरोबर होती.

निवृत्तीनंतर असा मेंदू नुसता पडून राहणं समाजाला परवडलं नसतं. म्हणून मी कार्डं छापून घेतली: ‘खाजगी तपास. संपूर्ण गुप्तता.’ शंभरातली सत्त्याण्णव कार्डं अजून माझ्याकडेच आहेत, यावरून गुप्तता किती कडक आहे ते कळेल. दिसायला म्हणाल तर उंच कपाळ, चष्मा लावल्यावर भेदक होणारी नजर, आणि पांढरीशुभ्र भरदार मिशी. अलीकडे तर लोक रस्त्यात वळून वळून बघतात. परवा औषधांच्या दुकानातली मुलगी माझ्याकडे पाहता पाहता गोळ्या मोजायची विसरली. बुद्धीचं तेज चेहऱ्यावर उतरायला वेळ लागतो, पण उतरतं.

मी धाकट्या बहिणीकडे राहतो. घरात ती, शिलाई मशीन दुरुस्त करणारे आमचे मेहुणे, आणि मेहुण्यांच्या आई, ज्यांना मी मावशी म्हणतो. मावशींचं वय चौऱ्याऐंशी, खुर्ची बाथरूमच्या दाराशेजारी, आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. अशा जागी बसलेला साक्षीदार फार उपयोगी पडतो, फक्त त्याचं डोकं ठिकाणावर हवं.

सोमवारी सकाळी धाकटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने डोक्यावरचा रुमाल काढला.

“दादा, बघ.”

मी पाहिलं. महिन्यापूर्वी तिने आयुष्यात पहिल्यांदा केस रंगवून घेतले होते. म्हणजे आधी त्यातला काळा रंग उतरवून मग चंदेरी छटा चढवली होती. हे काम केलं होतं तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने. तिचं पार्लर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. ती आता चौकातल्या मोठ्या जागेत जाणार होती, आणि नव्या दुकानाच्या काचेवर धाकटीचा फोटो लागणार होता. फोटो रविवारी काढायचा ठरला होता. आणि चंदेरी केस झाले होते मक्याच्या कणसासारखे पिवळे.

“तिला दाखवलेस?”

“दाखवले. म्हणाली, तूच काहीतरी भलतं लावलंस. मी म्हटलं, तुझाच माल हलका. मग ती बोलली, मग मी बोलले.” धाकटीने रुमाल परत बांधला. “चाळीस वर्षांत आम्ही अशा कधी बोललो नव्हतो. मी खरंच सगळं तिने सांगितलं तसंच केलंय, दादा. पण ती ऐकूनच घेत नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. तीन महिन्यांनी प्रकरण मिळालं होतं.

“रविवारच्या आत गुन्हेगार तुझ्यासमोर उभा करतो,” मी म्हणालो. हे एक वाक्य मात्र पुढे शब्दशः खरं ठरलं.

मी वही उघडली. बाथरूमच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. ‘आठवड्यातून दोनदाच धुणे. पाणी कोमट, शेवटी गार. जांभळा शाम्पू एकदाच, तीन मिनिटे. टोकांना कंडिशनर. उन्हात रुमाल.’ सामान्य माणूस याला सूचना म्हणेल. मी तो उजेडाला धरून वाचला, उलटा धरून वाचला, आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर जोडून पाहिलं. काहीच निघालं नाही. लिहिणारी व्यक्ती पक्की बेरकी आहे, अशी मी नोंद केली.

“तो कागद परत चिकटव,” मावशी म्हणाल्या. “आणि तुझी मिशी जांभळी का रे झाली?”

मोतीबिंदू काढल्यावर काही दिवस सगळं निळसर-जांभळं दिसतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी मावशींना न दुखावता वहीत लिहिलं: ‘साक्षीदार एक. रंगांच्या बाबतीत अविश्वसनीय.’

पहिला संशय पाण्यावर. गच्चीवरच्या टाकीत मी पांढरी दोरी सोडून चोवीस तास ठेवली. मंगळवारी दोरी पिवळी निघाली. मी जिंकल्याची खूण करून खाली आलो, तेव्हा मेहुणे म्हणाले, “दादा, ती दोरी आधीपासून पिवळीच होती. मीच दिली तुम्हाला.”

ज्या माणसाला दोरीचा मूळ रंग इतका पाठ असतो, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. दुसरा संशय मेहुण्यांवर गेला. मशीनचं तेल पिवळं असतं. मशीनचं तेल हातावरून उशीवर जातं. उशीवरून केसांवर जातं. आणि केस रंगवायला यांचा आतून विरोध असणार.

“तुम्हाला केस रंगवलेले आवडले नव्हते,” मी त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहत म्हणालो.

“छे हो, मला आवडले होते,” ते म्हणाले आणि लाजले. सदतीस वर्षं संसार झालेला माणूस बायकोच्या केसांवरून लाजतो, हे मला फारच संशयास्पद वाटलं. पण मग ते माझ्या मिशीकडे बघून हळूच म्हणाले, “आणि दादा, तुमचंही छान दिसतंय हं. संकोच करू नका.” संशयित तपास अधिकाऱ्याची खुशामत करू लागला की समजावं, पण काय समजावं ते मला तेव्हा नीट समजलं नाही.

उशा मात्र मी तपासल्या. धाकटीची उशी स्वच्छ होती. माझ्या स्वतःच्या उशीवर फिकट जांभळे डाग होते. माझ्या टॉवेलवरही होते. जांभळी शाई! घरातलं कुणीतरी माझ्या खोलीत बसून, माझ्याच उशीवर कागद ठेवून निनावी पत्रं लिहीत होतं. हे प्रकरण केसांपुरतं राहिलं नव्हतं.

बुधवारी मी सगळे धागे एकत्र विणले. निनावी पत्रं लिहिणार कोण? ज्याच्याकडे घराची किल्ली आहे तो. आणि आमच्या घराची जादा किल्ली गेली वीस वर्षं पार्लरवालीकडे असते. धाकटी आजारी असताना तीच दार उघडून आत यायची, पेज करून जायची. मी पार्लरमध्ये गेलो. ती एका बाईच्या केसांत ब्रश फिरवत होती. मी सर्व गिऱ्हाइकांसमोर, शांत पण खणखणीत आवाजात तिला विचारलं की ती निकृष्ट माल वापरून आमच्या बहिणीचा काटा का काढते आहे.

तिने ब्रश खाली ठेवला. माझ्या मिशीकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पण तिचे ओठच थरथरायला लागले.

“दादा, हे तिने सांगायला पाठवलं तुम्हाला?”

“मी स्वतंत्र तपास करतो,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि पाठ फिरवून कामाला लागली. अपराधी माणूस पाठ फिरवतो, असं मी वहीत लिहिलं. घरी येऊन अहवाल दिला तेव्हा वाटलं होतं, धाकटी शाबासकी देईल. ती सरळ आत गेली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.

शुक्रवारी मी निर्णायक पाऊल उचललं. दुपारी चष्मा लावून, हातमोजे घालून बाथरूमच्या फळीवरची जांभळ्या शाम्पूची बाटली जप्त केली. पिशवीत घातली, पिशवीला लाख लावली आणि माझ्या कपाटात कुलूपबंद केली. आता विषप्रयोग करणाऱ्याला बाटलीपर्यंत पोचताच येणार नव्हतं.

आणि शनिवारी सकाळी गुन्हेगाराने पुन्हा हल्ला केला. या वेळी थेट माझ्यावर.

अंघोळीला आणि दाढीला मी चष्मा काढतो. वस्तू मला आकाराने कळतात: बुटकी बाटली, चपटी बाटली, उंच बाटली. त्या सकाळी मी डोक्यावर पाणी घेतलं, फळीवर हात नेला, आणि उंच बाटली जागेवर नव्हती! मी सगळी फळी चाचपली. माझ्या नाकाखालून, अक्षरशः माझ्या अंघोळीतून, बाटली लांबवली होती. मी सदरा-लेंगा चढवला, टॉवेल गळ्यात टाकला आणि गर्जना करत बाहेर आलो.

बाहेर पार्लरवाली उभी होती. तिच्या हातात आमच्या घराची किल्ली होती.

“ही ठेव,” ती धाकटीला म्हणत होती. “आता माझ्याकडे राहून उपयोग नाही. फोटोचं मी दुसरं कुणीतरी बघते.”

धाकटीने हात पुढे केला नाही. मागेही घेतला नाही. दोघी नुसत्या त्या किल्लीकडे बघत राहिल्या. मेहुणे मान खाली घालून उभे होते. आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी मोडलं, असं मला वाटलं. पण कर्तव्य ते कर्तव्य.

“कुणी जागचं हलू नका!” मी म्हणालो. “दुसरा गुन्हा घडलाय. उंच बाटली चोरीला गेली!”

“कुठली उंच बाटली?” धाकटीने विचारलं.

“फळीवरची. मी रोज डोक्याला आणि मिशीला लावतो ती.”

पार्लरवालीच्या हातातून किल्ली खाली पडली.

“रोज?” पार्लरवाली म्हणाली.

“रोज. महिनाभर तरी. वास चांगला येतो तिचा.”

“तीच की,” मावशी खुर्चीतून म्हणाल्या. “मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, मिशी जांभळी झाली. कुणी ऐकेल तर ना! आणि आत गेला की हा बाटलीत पाणी घालतो आणि खडखडून हलवतो. मला इथे सगळं ऐकू येतं. ऑपरेशन माझ्या डोळ्यांचं झालंय, कानांना काही झालेलं नाही.”

पाणी मी घालत होतो, हे खरं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? कचेरीत डिंकाची बाटली तळाला गेली की तिच्यात पाणी घालून हलवायचं, अशी एकतीस वर्षांची पद्धत होती. एक बाटली मी एकदा पावणेदोन वर्षं चालवली होती. शिस्तीचा माणूस बाटली संपू देत नाही.

पार्लरवालीने माझ्या कपाटातली पिशवी मागवली. लाख फोडली. पांढऱ्या कागदावर बाटली तिरकी केली. कागद नुसता ओला झाला. मग तिने माझ्या गळ्यातला टॉवेल उचलून त्याच्या शेजारी धरला. टॉवेल जांभळा होता.

“हिच्या केसांचा पिवळेपणा दाबायला शाम्पूत जो रंग दिला होता,” ती सावकाश म्हणाली, “तो सगळा तुमच्या मिशीत गेलाय दादा. ही बिचारी महिनाभर पाण्याने केस धूत होती.”

मी चष्मा लावून आरशासमोर उभा राहिलो. मिशी मावळत्या आभाळासारखी जांभळी होती. डोकं थोडं कमी, पण तेही. औषधांच्या दुकानातल्या मुलीचा खुलासा झाला.

“पण तुम्ही सगळ्यांनी बघितलं होतं!” मी ओरडलो. “कुणी बोललं का नाही?”

धाकटीने मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी छताकडे.

“आम्हाला वाटलं, माझं बघून तूही मुद्दाम रंग लावलास,” धाकटी म्हणाली. “रिटायर झाल्यापासून तू फार गप्प गप्प होतास, दादा. त्या कार्डांसाठी फोन येत नव्हता. मग एकदम मिशीला रंग, आणि खूश दिसायला लागलास. म्हटलं, हसायचं नाही. आम्ही घरात ठरवलं होतं तसं.”

हे लोक महिनाभर माझ्यासमोर हसू दाबून जेवत होते, केवळ मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी त्यांचे जबाब घेत होतो. मला फार लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

“मी पार्लरमध्ये येऊन जे बोललो…” मी पार्लरवालीला म्हणालो.

“तुमच्यावर रागवायचं खूप ठरवलं होतं मी,” ती म्हणाली. “पण तुम्ही बोलायला लागलात की ती मिशी वरखाली व्हायची. मला आधी रडू येत होतं का हसू, तेच कळेना.” आणि ती हसायला लागली. मग धाकटी. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शाळेतही अशाच हसायच्या, आणि बाईंनी वर्गाबाहेर काढलं की तिथेही हसायच्या. किल्ली खाली पडली होती. ती पार्लरवालीने उचलली आणि परत आपल्या पर्समध्ये टाकली.

रविवारी सकाळी तिने नवी बाटली उघडून धाकटीचे केस पुन्हा चंदेरी करून दिले. तीन मिनिटं, घड्याळ लावून. मला चष्मा लावून शेजारी बसवलं होतं, शिक्षण म्हणून. फोटो काढताना मावशी म्हणाल्या, “त्या जांभळ्यालाही घ्या की मागे.” आता नव्या दुकानाच्या काचेवर धाकटी आहे आणि तिच्या खांद्यामागे मी आहे.

प्रकरणाची फाइल बंद करण्यापूर्वी नियमानुसार एक जबाब घ्यायचा राहिला होता. तो मी स्वतःच स्वतःचा घेतला.

प्रश्न: बाटली वापरली का? उत्तर: वापरली. प्रश्न: पश्चात्ताप होतो का? उत्तर: होतो. प्रश्न: पार्लरवाली म्हणाली, दहा-बारा धुण्यांत रंग उतरेल. रोज धुणार का? उत्तर: आठवड्यातून दोनदाच. पाणी कोमट, शेवटी गार.