दाऊदकाकांची किल्ली

दाऊदकाकांना एखादी वस्तू फार आवडायला लागली, की ती आमच्या घरी यायची.

आधी सायकल आली. नवीकोरी, हिरवी, अजून सीटवरचा कागद न काढलेली. काका ती दारात टेकवून म्हणाले, "वसंता, ही घे. काल प्रार्थनेला डोळे मिटले तर समोर प्रभू नाही, हिची घंटा! पहिली आज्ञा, बाबा, पहिली आज्ञा."

माझ्याशिवाय दुसरे देव तुला नसावेत, ही पहिली आज्ञा. काकांनी ती एवढी मनावर घेतली होती, की त्यांना जिथंतिथं मूर्तीच दिसायच्या. आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकांविषयी मात्र ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. "ते तुमचं. मला माझ्या घरातल्या मूर्ती निस्तरू द्या," म्हणायचे.

पौडात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. मिशनच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. दवाखाना बंद पडला, डॉक्टर पुण्याला गेले, काका तेवढे राहिले. मूलबाळ नव्हतं आणि राहेलकाकू त्याआधीच गेल्या होत्या. गावात ख्रिस्ती घर हे एवढंच. दर रविवारी पहिल्या एस.टी.नं ते पुण्याला उपासनेला जायचे आणि दुपारच्या गाडीनं, धुळीनं माखून परत यायचे.

मी कचेरीत कारकून. मामलेदारांची जीप आली की आम्ही सगळे उठून उभे राहायचो, जीप रिकामी असली तरी. एकदा काका तिथं होते. जीपमधून फक्त ड्रायव्हर उतरला आणि काका मला म्हणाले, "नारळ फोडायचा राहिला बघ." त्यानंतर कितीतरी दिवस जीप दिसली की मला हसू यायचं आणि हेडक्लार्क डोळे वटारायचे.

बाजारातल्या करीमशेठनं ट्रान्झिस्टर आणला, तर त्याच्याभोवती रोज माणसं उकिडवी बसायची. काका त्यांना म्हणाले, "अरे, निदान उदबत्ती तरी लावा!"

करीमशेठ म्हणाले, "काका, आमी निस्ता बाजारभाव ऐकतुया."

"पूजा अशीच सुरू होते," काका म्हणाले आणि स्वतः मात्र गाणं संपेपर्यंत खांबाला टेकून उभे राहिले. घरी येताना मान खाली होती. त्या दिवशी त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला.

सायकलीपाठोपाठ आमच्याकडे चिनी मातीची किटली आली, काश्मिरी शाल आली, एक कोंबडाही आला. तो काकांच्या हाकेला 'क्कॉ' करून उत्तर द्यायचा, हा त्याचा गुन्हा. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बया! आमच्या देव्हाऱ्यात आधीच देवांची दाटी. आता ह्यांचं देव कुटं ठिवू?"

शेवटी भिंतीवरचं घड्याळ आलं. ते राहेलकाकूंनी हौसेनं घेतलेलं. त्यांच्या हयातीत त्याला किल्ली त्याच द्यायच्या. घड्याळ आमच्या भिंतीवर काकांनी स्वतःच अडकवलं. "टोल पडला की वाटतं, ती आतून बाहेर येईल," ते म्हणाले. "मग बसतो दाराकडे बघत. प्रार्थना राहते बाजूला."

घड्याळ दिलं, पण किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. "तुझ्या हातानं स्प्रिंग तुटेल," म्हणाले. आठवड्याला एकदा किल्ली पुरे होती. काका रोज संध्याकाळी यायचे. खुर्चीवर चढायचे, किल्लीचा अर्धा वेढा द्यायचे, उतरायचे आणि मग दिवेलागण होऊन गेली तरी उठायचे नाहीत. आई भाकऱ्या थापता थापता त्यांना धरणाखाली गेलेल्या आपल्या माहेरच्या गावाच्या गोष्टी सांगायची. ते दवाखान्यातल्या फजित्या सांगायचे. आईनं पुढ्यात ठेवलेला सुकटीचा कालवण-भात "जास्त चवदार झालाय" म्हणून अर्धा टाकायचे आणि जरा वेळानं तोही संपवायचे.

एका संध्याकाळी ते आले आणि खुर्चीवर चढलेच नाहीत. किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"घड्याळ दिलं पण किल्ली ठेवून घेतली. म्हणजे मन दोन ठिकाणी राहिलं की नाही? उद्यापासून येत नाही मी."

"काका, घड्याळाचं एवढं काय?"

"घड्याळाचं कोण बोलतंय?" ते चिडले. "दुपारपासून मी इकडे यायची वाट बघतो. प्रार्थना उरकतो, वसंता. उरकतो! सायकल तुला देता आली. घड्याळ तुला देता आलं. आता तुला कुणाला देऊन टाकू?"

आई परातीवरून उठून दारापर्यंत आली. "आवं भाऊजी, असं नगा करू," म्हणाली. पण काका गेले होते.

ते खरंच आले नाहीत. रस्त्यात भेटले की टोपीला हात लावायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळी आमचं घर फार मोठं वाटायला लागलं. आई सवयीनं एक भाकरी जास्त थापायची. मला काकांचा राग यायचा आणि त्यांच्या देवाचाही.

मग एकदा मी किल्ली द्यायला खुर्चीवर चढलो, तेव्हा भिंतीपलीकडून त्यांची प्रार्थना ऐकू आली. काका नेहमी मनात प्रार्थना करायचे. आज आवाज चढा होता.

"हे प्रभू, वसंताच्या घरचं घड्याळ मागं पडतंय. लंबकाखालचा स्क्रू थोडा वर घ्यायची त्याला बुद्धी दे. वहिनींच्या गुडघ्याला आराम दे. त्यांना सांग, एरंडाचं पान गरम करून बांधा."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, कळेना.

मग काकांचा आवाज एकदम खाली आला.

"आणि प्रभू, मला त्यांची आठवण येते. तेवढी मूर्तीत धरू नकोस."

मी किल्ली हातात धरून तसाच उभा होतो. आईनं मला कोपरानं ढोसलं. "आरं, ते शेवटाला काय म्हंत्यात ते म्हण की."

"आमेन," मी भिंतीला म्हणालो.

पलीकडे काकांनी स्टूल सरकवत आमच्या भिंतीला आणून टेकवल्याचा आवाज आला.