जोतीरामआबांनी वार्निश गाळलं

अंथुर्ण्याच्या जोतीरामआबांची सून राजनंदिनी राक्षस रंगवते. बोटभर उंचीचे. कुणाला शिंगं, कुणाला पंख, आणि एका चेटकिणीच्या नाकावर मोहरीएवढी चामखीळ. सात जणांची ही फौज उद्या बारामतीच्या प्रदर्शनात मांडायची होती. वर्षभराचं काम. नियम एकच जाचक: मूर्ती चमकली की स्पर्धेतून बाद. म्हणून तिनं खास चमक घालवणारं मॅट वार्निश मागवलं होतं.

आबांना मात्र चकाकीचं वेड. त्यांच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटमध्ये बघून निम्मं गाव भांग पाडायचं. कावळे त्यात स्वतःशीच भांडून चोची बोथट करून घ्यायचे. खोटं वाटेल त्यानं अंथुर्ण्याच्या कावळ्याची चोच बघून यावी.

दुपारी राजनंदिनीनं राक्षसांवर वार्निशचा हात फिरवला आणि ते पंख्याखाली ठेवले. तासाभरानं पाहते तर सातही जण तुपात तळून काढल्यासारखे चमकत होते. चेटकीण तर वरातीला निघाल्यागत.

"आबा, या बाटलीला कुणी हात लावला होता का?"

"मीच की," आबा ऐटीत म्हणाले. "बुडाला पांढरा गाळ बसला व्हता. म्हटलं, सूनबाईला दुकानदारानं फसवलं. धोतराच्या फडक्यातनं गाळून ठिवलं. गुऱ्हाळावर तीस वर्षं रस गाळलाय मी. मळी ठिवून कसं चालंल?"

राजनंदिनीनं बाटली उजेडात धरली. "आबा, त्या गाळानंच तर चमक मरते. बाटली हलवून तो वर आणायचा असतो."

"मग आदी सांगायचं न्हाय का?"

"तुमी इचारलं व्हतं का?" सासूबाई दगडाबाई चुलीपासून म्हणाल्या. "ते फडकं कुठं हाय, ते बघा."

फडकं ट्रॅक्टरवर होतं. ओलं फडकं वाया कशाला घालवायचं, म्हणून आबांनी त्यानंच बॉनेट पुसून काढलं होतं. आबा सवयीनं मिशीला पीळ द्यायला वाकले, तर बॉनेट शाळेच्या पाटीसारखं कोरडं ठक्क.

"माझी मिशी दिसंना."

"तोंडावरच हाय," दगडाबाई म्हणाल्या.

नशीब, फडक्याच्या घड्यांत बराच गाळ शिल्लक होता. राजनंदिनीनं तो उरलेल्या वार्निशात खळखळून पिळला. शिक्षा म्हणून आबांनी बाटली अर्धा तास हलवली. रस्त्यानं जाणारा एक जण आबांना हिवताप भरला समजून डॉक्टरला बोलवायला निघाला होता. दुसरा पातळ हात बसला आणि सगळे राक्षस गुपचूप निस्तेज झाले.

दुसऱ्या दिवशी आबा सुनेला ट्रॅक्टरवरूनच बारामतीला घेऊन गेले, बॉनेटवर घोंगडी टाकून. राजनंदिनीला पहिलं बक्षीस मिळालं. ती ढाल घेऊन बाहेर आली, तर ट्रॅक्टरभोवती पोरांचा हा घोळका. वाऱ्यानं घोंगडी उडाली होती.

"आबा, मॅट केलाय व्हय? लय भारी. कुणाकडनं?"

आबांनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं आकाशाकडं.

"घरीच," आबा म्हणाले. "हात लागतो त्याला."

आता आबांच्या दारात रोज दोन-तीन ट्रॅक्टर उभे असतात. आबा ओसरीवर बसून वार्निश गाळतात. फडक्यातला गाळ जिवापाड जपतात, आणि खालचं निवळ भांडं दगडाबाईंकडं सरकवतात.

"दी वतून. त्येच्यात काय न्हाय. नुसती चमक हाय."