तिसऱ्या ढिगातला कोट

"साहेब पाच वाजता येतायत. तू फक्त 'हो' म्हणायचंस," हे दादाने सकाळपासून इतक्यांदा घोकून घेतलं होतं की ताई दात घासतानाही मान डोलावत होती.

ताई मदतछावण्यांवर काम करायची. पूर आला, भूकंप झाला की शहाणी माणसं तिथून पळतात, ही तिकडे पळायची. या नोकरीने तिला दिलं काय? दोनदा हिवताप, कायमची धरलेली कंबर आणि सख्ख्या भावाचं हुकलेलं लग्न. बरं, कुणाला कौतुक तरी? नाव नको! "समाजसेवा ठीक आहे गं, पण नोकरी काय करतेस?" असं मावशी दर भेटीत विचारायची. आई तर सरळ 'लष्करच्या भाकऱ्या' म्हणून मोकळी व्हायची. तिचा खरा राग होता फोनवर. कधीही लावा, पलीकडून एकच उत्तर यायचं, "नंतर बोलू आई, माणसं खोळंबलीत."

म्हणून या सुट्टीत आईने निर्वाणीचं सांगितलं होतं. एवढी शेवटची छावणी उरक आणि दादाच्या साहेबांकडची खुर्चीतली नोकरी धर. नाही म्हणालीस, तर यापुढे मी फोन करणार नाही. आई बोलली की करून दाखवायची, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

आता 'शेवटची छावणी' म्हटल्यावर लेकीला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? आई लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंना म्हणाली, "काही जुनंपानं असेल तर द्या हो पूरग्रस्तांना." हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! काकूंनी ते सगळ्या इमारतीला कळवलं आणि दुपारपर्यंत बैठकीच्या खोलीतला सोफा गाठोड्यांखाली दिसेनासा झाला.

ताईने कपाळावर हात मारला. "आई, हेच नको असतं गं तिकडे! लोक घर साफ करतात आणि कचरा आमच्या गळ्यात मारतात. मागच्या वेळी उंच टाचेची चप्पल आली होती. एकाच पायाची!"

"अगंबाई!"

"आणि पोहायचा पोशाख. पुरात!"

आई हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. "मग तुम्ही करता काय?"

"निवडतो. जे आपण स्वतः अंगात घालणार नाही, ते दुसऱ्याला द्यायचं नाही. चांगलं पहिल्या ढिगात, शिवण्याजोगं दुसऱ्यात. बाकी तिसऱ्यात, त्याची कापून छावणीच्या स्वयंपाकघराला पुसणी."

आईने पदर खोचला, कात्री घेतली आणि सोफ्यासमोर बैठक मारली. बघता बघता तिला चेव चढला. दारात गाठोडं घेऊन आलेल्या काकूंना ती म्हणाली, "हा बनियन आधी तुमच्या यजमानांना घालायला सांगा. त्यांनी घातला, तर मी घेते!" काकू गाठोड्यासकट परतल्या. पण त्यांच्या मागे जिन्यात आणखी चौघं ताटकळत उभी होती.

अशात साहेब आले. आई चहा टाकायला आत गेली होती. खोलीत तंतू उडत होते म्हणून पंखा बंद होता. साहेबांनी घाम पुसत कोट काढला. "सांभाळून हं. परदेशातून घेतलेला आहे, आम्ही कधीच वस्तू टाकत नाही." दादाने तो दोन्ही हातांवर झेलला आणि जागाच दिसेना, म्हणून सोफ्याच्या कडेला ठेवला.

आईने चहा आणून दिला, नमस्कार केला आणि पुन्हा कात्री उचलली. इकडे साहेबांनी सुरुवात केली, "तर, आमच्याकडे ठरलेली वेळ, गार खोली, खुर्ची. हिवताप नाही. आणि त्या पूरग्रस्तांचं म्हणाल, तर मिळेल त्यात त्यांनी समाधान मानावं. भिकाऱ्याला कसली आलीय आवडनिवड?"

दादा डोळ्यांनी 'हो म्हण, हो म्हण' करत होता. ताईने आईच्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "नाही साहेब. माझी कंबर गेलीय, झोप गेलीय, पण अक्कल अजून जागेवर आहे. मला नाही जमायचं."

साहेबांच्या हातातला कप डचमळला आणि चहा टेबलावर सांडला. आईने मागे न बघता नुकतंच कापलेलं एक पुसणं पुढे केलं. साहेबांनी टेबल पुसलं, पुसणं पिळलं आणि त्यांची नजर त्यावरच्या सोनेरी गुंडीवर खिळली.

"ही... ही माझी बाही आहे!"

दादा सोफ्याच्या कडेला कोट शोधू लागला. साहेब ओरडले, "कोट आहे माझा! कुणी फाडला?"

आई वळली. तिने उरलेला कोट उलटा करून उजेडात धरला. "फाडला नाही, कापला. मी. चुकून कापला, ते कबूल. पण अस्तर उसवलंय, काखेत विरलाय, दोन गुंड्या गायब. तिसऱ्याच ढिगातला आहे हा. आणि साहेब, ते भिकारी नाहीत. त्यांची घरं पाण्यात आहेत. माझी पोरगी असलं काही त्यांना देत नाही."

ताई उठून आईशेजारी बसली आणि तिने पुढचं गाठोडं सोडलं.

"पण नोकरीचं काय?" दादा रडकुंडीला आला. "अहो साहेब, तिचं मनावर घेऊ नका. आई, तू तरी बोल! दोन मिनिटं नीट बस आणि बोल साहेबांशी!"

आईने दाराकडे पाहिलं. रांग आता खालच्या मजल्यापर्यंत गेली होती. तिने दुसरी बाही कात्रीत धरली.

"नंतर बोलू," ती म्हणाली. "माणसं खोळंबलीत."