इंग्लंडचे गोरे

अबूधाबीत टुरिस्ट क्लब नावाच्या भागातल्या एका गल्लीत, शवर्माच्या दुकानाला चिकटून, गोरेमास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. काचेवर पाट्या आहेत: ब्लाउज, फॉल-पिको, अल्टरेशन. इथवर ठीक. पण त्याखाली तांबड्या इंग्रजी अक्षरांत आणखी एक कापडी पाटी आहे. तिचा अर्थ असा: 'गोअर आडनावाच्या कोणाही माणसाला शिलाई फुकट. एमिरेट्स आयडी दाखवावा लागेल.'

मी पहिल्यांदा ती वाचली तेव्हा मला वाटलं, गोरेचंच स्पेलिंग आहे हे. हा माणूस स्वतःचे कपडे स्वतः फुकट शिवतोय, त्यात पाटी कसली लावायची?

"तसं नव्हे ताई," मास्तर म्हणाले. "हे गोरे वेगळे. साहेबाच्या देशातले. लिहितात आपल्यासारखंच, म्हणतात गोअर."

"मग आला का कोणी आजवर?"

"अजून नाही. येईल, इन्शाल्ला."

पाटी लावून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

मास्तरांकडे ब्लाउज टाकायला जायचं म्हणजे नुसतं माप देऊन भागत नाही. आधी आडनाव सांगावं लागतं. ते वहीत इंग्रजीत लिहितात, चष्मा कपाळावर सरकवून अक्षरांकडे बघतात आणि निकाल देतात. "साने. एस-ए-एन-ई. अहो ताई, इंग्रजीत सेन म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला माणूस!" आमचे हे पिशवी धरून शेजारी उभे होते. म्हणाले, "मास्तर, मग ते आडनाव आमच्या अर्ध्याच घराला लागू आहे." माझं माहेरचं आडनाव पोळे. पी-ओ-एल-ई, म्हणजे खांब. मास्तरांनी माझ्या पाच फुटांकडे एकदा पाहिलं आणि वहीत गुपचूप साने ठेवलं.

पण जगातल्या सगळ्या आडनावांचा राजा एकच. त्याचा विषय निघाला की मास्तर मशीन थांबवतात. "कळीचा मुद्दा सांगतो, ताई," हे त्यांचं पालुपद, आणि मास्तरांच्या बाबतीत ते शब्दशः खरं. लगेच कपड्यांच्या ढिगातून एक तिकोनी तुकडा ओढून ते माझ्या नाकापुढे नाचवतात.

"ही काय? कळी! कुर्त्याला घेर यावा म्हणून लावतो ती. इंग्रजीत हिला काय म्हणतात? गोअर! जी-ओ-आर-ई! डिक्शनरीत छापलंय! जुन्या काळी तिकडे शेत नांगरताना कोपऱ्यात तिकोनी पट्टी उरायची, तिलाही गोअर. त्या पट्टीवर घर बांधून जो राहिला, तो गोअर. आणि मूळ शब्द भाल्याचा, कारण भाल्याचं पातं तिकोनी." इथे त्यांचा आवाज पार शवर्मावाल्यापर्यंत पोचतो. "म्हणजे बघा, भाल्यातून शेत निघालं, शेतातून माणूस निघाला, आणि तोच शब्द इकडे माझ्या कात्रीखाली! मी शिंपी, माझं आडनाव गोरे! काटा येतो की नाही अंगावर?"

मला माझ्या बाह्यांची काळजी पडलेली. पण खोटं कशाला बोलू, थोडा आला.

भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यावर जिथे जिथे गोअर राहतात तिथे मास्तरांनी टाचण्या टोचल्या आहेत. केंटमध्ये टाचण्या आहेत, विल्टशरमध्ये आहेत, कारण तिथे त्या नावाच्या जागाच आहेत. आयर्लंडला गेलेली शाखा वेगळी. अमेरिकेत इतक्या की टाचण्या संपल्या, मग त्यांनी तिथे हुकं लावली. न्यूझीलंडच्या पार खालच्या टोकाला तर गोअर नावाचं अख्खं गाव. "तिथं मेंढरं फार, ताई. मेंढरं म्हणजे लोकर, लोकर म्हणजे शेवटी कापडच की!" माझी मुलगी एकदा हे सगळं ऐकून म्हणाली, "बट अंकल, यू आर नॉट इव्हन रिलेटेड टू देम." मास्तरांनी चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, "बेबी, लेंग्थ किती ठेवू?"

या वेडाचं मूळ विमानतळावर आहे. तीसेक वर्षांपूर्वी मास्तर कराडहून निघून पहिल्यांदा इथे उतरले. रुवैसला, रिफायनरीच्या कामगारांचे डगले शिवायच्या वर्कशॉपमध्ये नोकरी होती. बाहेर येऊन बघतात तर एक ड्रायव्हर पाटी धरून उभा. पाटीवर 'मिस्टर गोरे'. "मिस्टर, ताई! लग्नपत्रिकेतसुद्धा मला कोणी मिस्टर लावलं नव्हतं." बसले गाडीत. गाडी थेट मोठ्या हॉटेलात. खोलीत फळांची परडी, पांढऱ्या चादरी आणि एक आंघोळीचा टब. मास्तरांना वाटलं, गल्फ गल्फ म्हणतात ते हेच. त्यांनी दोन केळी खाल्ली, टबात प्रवासाचे कपडे धुतले आणि खिडकीत वाळत घातले.

तिकडे विमानतळावर कामगारांच्या कॅम्पचा बॉस हातात यादी घेऊन ओरडत होता, "गोअर! एस. गोअर!" आणि त्याच कंपनीत इंजिनियर म्हणून आलेला एक खराखुरा गोअर, लालबुंद तोंडाचा, पुढे होऊन म्हणाला, मीच. कॅम्प बॉसनं बसकडे बोट दाखवलं. साहेब बसला. वीस-पंचवीस मजुरांबरोबर तीन तास रुवैसपर्यंत गेला. वाटेत कोणीतरी त्याला चपाती आणि लोणचं दिलं. कॅम्पात त्याला दुमजली खाटेचा वरचा बंक मिळाला, तर तिथे चढून झोपला.

दुसऱ्या दिवशी घोटाळा उघडकीला आला आणि मास्तरांना रुवैसला नेलं. नोकरी गेली, असं त्यांनी धरूनच ठेवलं. पण साहेब वर्कशॉपमध्ये आला, हसत हसत आला, मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "कझिन!" आणि कळीचा एक तुकडा उचलून, बोटानं तिकोन काढून, आडनावाचा सगळा इतिहास त्यानंच पहिल्यांदा सांगितला.

पुढे चार वर्षांनी साहेब मायदेशी गेला. थोडी पत्रं आली-गेली. मग रुवैसचं वर्कशॉप बंद झालं, मास्तर अबूधाबीला आले, सामानाच्या धांदलीत पत्ता हरवला. खलास. त्यानंतर ही पाटी, या टाचण्या. एखादा गोअर येईल, त्याला विचारता येईल, आमचे साहेब कुठे आहेत, कसे आहेत.

यंदा मला ते म्हणाले, "गणपती झाले की व्हिसा कॅन्सल करतोय, ताई. वय झालं. आता महिनाभरात कोणी आला तर आला."

मी ब्लाउजवर वैतागले होते, गळा मोठा झाला होता. तोंडातून निघून गेलं, "मास्तर, पुरे आता. कुठले ते गोअर, कुठले तुम्ही. ना सोयर ना सुतक!"

मास्तर कधी चिडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, जरा जोरातच. "सोयर नाही, कबूल. सुतक आहे."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. रुवैसला पहिलंच वर्ष होतं. गावाहून वडील गेल्याचा निरोप आला. दोन वर्षांचा करार, सुट्टी मिळेना. मास्तर मशीनवर बसून डगले शिवत होते आणि रडत होते. साहेबानं विचारलं, काय झालं? मास्तरांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, फादर गेले, सुतक आहे, दहा दिवस दाढी नाही. "कोणाला नाही?" साहेबानं विचारलं. मास्तर म्हणाले, "ऑल गोरे. नो शेव्ह."

"दुसऱ्या दिवशी साहेब दाढी न करता आला, ताई. तिसऱ्या दिवशीपण. मोठमोठ्या मीटिंगा व्हायच्या, मॅनेजर बोलला त्याला, तरी नाही. अकराव्या दिवशी आम्ही दोघांनी एकाच न्हाव्याकडे दाढी केली. माझ्या सख्ख्या चुलत्यानं पाचव्या दिवशी केली होती." मास्तरांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "आता त्याचं वय ऐंशीच्या पुढे. तो गेला तर मला सुतक लागतं. पण मला कळणार कसं? मी इकडे दाढ्या करत बसायचो आणि तो तिकडे गेलेला असायचा. याचीच भीती वाटते बघा."

मला माझीच लाज वाटली. गळ्याचं काही न बोलता मी घरी आले.

आणि योग बघा! शनिवारी सकाळी आमच्या अल रीमच्या टॉवरच्या लॉबीत पार्सलांचा ढीग होता. माझं शोधताना एक खोका हाती आला. 'एस. गोअर, फ्लॅट २३०४.' मी तिथूनच फोन लावला. "मास्तर, मिळाला! आमच्याच बिल्डिंगमध्ये! यल्ला, या लवकर!"

मास्तर टॅक्सीनं आले. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, दाढी गुळगुळीत, खिशाला कंगवा. लिफ्टमध्ये ते तेवीस मजले पुटपुटत होते, "गुड मॉर्निंग सर, आय ॲम आल्सो गोरे." मी बेल दाबली. दार उघडलं. तिशीतला मुलगा, अंगात बनियन, हातात पोह्यांची बशी.

"गुड मॉर्निंग सर," मास्तर म्हणाले.

"या ना काका," तो म्हणाला. "कोणाकडे आलात?"

समीर गोरे. नाशिकचा.

मास्तरांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. पण आतिथ्याला गोरे कुठलेही कमी नाहीत. आम्हाला बसवलं, पोहे दिले. काय सांगायचं म्हणून मी पाटीपासून सगळी हकिगत सांगितली. समीर हसला. "अहो, हा घोटाळा मलाही नवा नाही. मी रुवैसलाच असतो, वीकेंडला इथे येतो. तिथे साइट ऑफिसात 'एस. गोअर, रुवैस' असं एक पत्र मध्यंतरी मला आणून दिलं. इंग्लंडचं. कोणी वारल्याचं होतं. म्हटलं, आपला काय संबंध? पण तिकीट छान होतं म्हणून ठेवलंय."

पोह्यांची बशी माझ्या हातात तशीच राहिली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

समीरनं ड्रॉवरमधून पाकीट आणलं. पत्र साहेबाच्या मुलीचं होतं. समीरनं वाचून दाखवलं, मराठी करत करत. वडील हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले. नातलगांना कळवायची यादी त्यांनी स्वतःच्या हातानं करून ठेवली होती. तुमचं नाव त्यात त्यांच्या भावाच्या खालोखाल आहे. नावापुढे त्यांनी लिहिलंय: 'याला नक्की कळवा, याला दाढी थांबवायची असते.' याचा अर्थ आम्हाला कळला नाही, पण तुम्हाला कळेल असं वाटतं.

मास्तर हसायला लागले, रडत रडत. "म्हणजे मला धरलं होतं त्यानं," ते म्हणाले. "ताई, यादीत धरलं होतं!"

खाली टॅक्सीची वाट बघताना मी म्हटलं, "मास्तर, इतके महिने झाले. उशिरा कळलं की नुसती आंघोळ पुरते. आणि गणपती तीन दिवसांवर आलेत." इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीचा शेला दर वर्षी मास्तर शिवतात. यंदाचा त्यांचा शेवटचा होता. वर्षभर जपून ठेवलेली जरीची पट्टी त्यांनी त्यासाठी काढली होती.

"त्यानं माझ्या बापाचे पूर्ण दहा दिवस पाळले," मास्तर म्हणाले. "आणि त्याच्यासाठी मी आंघोळीवर भागवू?"

संध्याकाळी मी दुकानात गेले. शेला मशीनवर अर्धा शिवून पडला होता. मास्तरांनी त्याला हात लावला नाही, लांबूनच बोट दाखवलं. "तुम्ही न्या. काठाला सहा कळ्या राहिल्यात. टाके बारीक घाला." काचेवरची तांबडी पाटी त्यांनी काढून घेतली होती. तिची घडी घालून ती कराडला न्यायच्या बॅगेत ठेवली होती.

मी घातले टाके. वाकडे आले, पण घातले.

चौथ्या दिवशी, कामासाठी अबूधाबीत आलेला समीर लिफ्टमध्ये भेटला. गालांवर खुंट वाढलेले. मी बघतच राहिले. तो ओशाळून म्हणाला, "काकांचा फोन आला होता. म्हणाले, सगळ्या गोऱ्यांना लागतं."

आरतीला मास्तर दिसले नाहीत तशी कुजबुज सुरू झाली. इतक्या वर्षांत कधी चुकले नव्हते. शेल्याचे टाके बघून एकीनं नाक मुरडलं आणि मला विचारलं, "मास्तरांकडे काय झालं? कोण गेलं?"

"सुतक आहे त्यांना," मी सांगितलं. "भाऊकीतले गेले. इंग्लंडचे गोरे."