अज्ञानाचा दाखला

ज्ञान दिल्याने वाढतं. मात्र ते कोणी दिलं याची नोंद नसेल तर आपोआप वाढलं असं धरतात. परळमधल्या एका नामवंत संशोधन संस्थेला हा अन्याय पाहवेना. कंत्राटी तरुण संशोधक जे मार्गदर्शन करतात, त्याची दखल घ्यायला तिने समिती नेमली. (समितीत तरुण कोणी नव्हतं. ते मार्गदर्शन करण्यात गुंतले होते.)

समितीची शंका रास्त होती. विद्यार्थ्याला शिकवलं हे सिद्ध कसं करणार? आधी येत नव्हतं हे सिद्ध झालं तरच. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने अज्ञानाचा दाखला द्यायचा. तीन प्रती, खाली गाइडची, म्हणजे कागदोपत्री मार्गदर्शकाची, सही.

डिलाईल रोडच्या डॉ. संघमित्राचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं आणि मुदतवाढ या दखलेवरच अडली होती. सात जणांना तिने पिपेट धरण्यापासून ते प्रयोग फसला तर ‘फसला’ असं लिहिण्यापर्यंत, आणि जिन्यात रडून, तोंड धुऊन परत कामाला लागण्यापर्यंत सगळं शिकवलं होतं. पैकी सहा जणांना दाखला मागताच आठवलं की आपल्याला हे जन्मतःच येत होतं.

सातवा शिवा. तो म्हणाला, "मॅडम, मी देतो ना! मला तर कायपण येत नव्हतं."

त्याचे गाइड डॉ. अभय यांनी दाखला वाचला, सही केली आणि विचारलं, की इतक्या अज्ञानी मुलाला प्रवेश मिळालाच कसा? शिवाचा प्रवेश रद्द झाला. सबब, संघमित्राचे विद्यार्थी: शून्य.

पण संस्था निर्दय नाही. संघमित्राला शिकवायला कोणीतरी शिकवलंच असणार, असा समितीने निष्कर्ष काढला.

"तुझा दाखला दे," डॉ. अभय प्रेमाने म्हणाले, "तुझा गाइड म्हणून लगेच सही करतो. मुदतवाढही करून टाकू."

‘मला मार्गदर्शन करता येत नव्हतं’ असं तिने तीनदा लिहून दिलं. तिला सहा महिने मिळाले, डॉ. अभय यांना शाल, श्रीफळ आणि ‘उत्कृष्ट मार्गदर्शक’ पुरस्कार.

तिचे आजोबा, भिवा, कापड गिरणीच्या रिंगखात्यात, जिथे सूत कातलं जाई, वीस वर्षं नवख्यांना तुटलेला धागा जोडायला शिकवत. हे सगळं ऐकून ते म्हणाले, "आमच्या टायमाला पण नाव जॉबरचंच, मुकादमाचंच व्हायचं, पोरी. पण आमच्याकडून लिहून तरी घेत नव्हते."

सत्काराला मीही होतो. टाळ्या वाजवल्या, आणि मग स्वतःची लाज वाटली.

तुम्ही हसलात, हसा. पण पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावरून ज्यांनी तुम्हाला काम शिकवलं, त्यांचं आडनाव सांगा बघू. नाही ना आठवत? निरोप समारंभाच्या भाषणातही आठवलं नव्हतं. साहेबांचे आभार मात्र दोनदा मानलेत.