चौथी स्क्रीन आणि स्थळप्रत

बायको फक्त एवढंच म्हणाली होती, की अजून एक स्क्रीन असती तर बरं झालं असतं. हे ती मला म्हणाली नव्हती. भिंतीला म्हणाली होती. पण त्या वेळी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये मी उभा होतो. (घरात मी बहुतेक असाच कशाच्या तरी मध्ये उभा असतो.)

ती घरांचे नकाशे काढते. पंधरा वर्षं एका बड्या आर्किटेक्टच्या हाताखाली, त्याच्या नावावर, लोकांची स्वयंपाकघरं आणि जिने काढून झाल्यावर गेल्या महिन्यात तिने नोकरी सोडली आणि आमच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं. पहिलं गिऱ्हाईक गुरुवारी चार वाजता घरी यायचं होतं. नवरा-बायको होते, त्यांनी प्लॉट घेतला होता आणि घर कसं दिसेल ते त्यांना स्क्रीनवर बघायचं होतं. हे काम मिळालं असतं तर तिची गाडी मार्गी लागली असती. नाही मिळालं तर जुन्या साहेबांना फोन करावा लागला असता, आणि तो फोन करण्यापेक्षा मी विटा वाहीन असं तिने मला सांगून ठेवलं होतं.

"एकीवर नकाशा, दुसरीवर बाहेरून दिसणारं घर," ती भिंतीला म्हणाली.

"दुसरीच काय, तिसरीही लावून देतो," मी म्हणालो.

"गुरुवारनंतर लावा."

"गुरुवारनंतर लावून गिऱ्हाइकाला काय दिसणार?"

यावर ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला अठरा वर्षांत एकदाही बरोबर लागलेला नाही. मी तो होकार धरला.

एक स्क्रीन आमच्याकडे होतीच. दुसरी माळ्यावरून काढली, तिसरी मेहुण्याकडून मागून आणली. वायरी घ्यायला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने विचारलं, "तुमच्या कार्डाला जागा किती?" कॉम्प्युटरच्या पोटात एक पट्टी असते, तिच्यामुळे स्क्रीनवर चित्र उमटतं, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. (हे मला बुधवारी कळलं.) घरी येऊन पाहिलं तर जुन्या कार्डाला स्क्रीन जोडायच्या दोन जागा होत्या आणि दोन्ही भरलेल्या. एकीत बायकोची स्क्रीन होती. दुसरीतून एक जाड काळी वायर निघून कपाटामागे थेट भिंतीत गेलेली होती. भिंतीत जाणाऱ्या वायरीला हात लावायचा नाही हे माझं जुनं धोरण आहे. दुकानदाराला कळवलं, जागा शिल्लक नाही. तो म्हणाला, मग दुसरं कार्ड घ्या. घेतलं.

गुरुवारी मी रजा टाकली. बायको सकाळीच मोजमापं घ्यायला प्लॉटवर गेली. जाताना दारात म्हणाली, "साडेतीनला येते. मी येईपर्यंत आहे तेवढं चालू असू दे, माझं दुसरं काही म्हणणं नाही."

घरात मी आणि सासरे उरलो. सासरे निवृत्त घड्याळजी आहेत. आयुष्यभर भिंग डोळ्याला लावून दुसऱ्यांच्या चुका बघितल्यामुळे ते बोलतात कमी आणि बघतात फार. दुपारभर हॉलमध्ये टीव्हीवर जंगली प्राण्यांचे कार्यक्रम लावून बसतात. मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, कॉम्प्युटर आडवा पाडला आणि नवं कार्ड आत बसवलं. तीन स्क्रीन जोडल्या. बटण दाबलं. तिन्ही काळ्या राहिल्या.

मी दुकानदाराला फोन लावला.

"कार्ड बसलं का?"

"बसलं."

"टक् झालं का?"

"कुठे?"

"बसताना टक् असा आवाज येतो."

"माझ्या गुडघ्याचा आला होता."

"दाबा," तो म्हणाला.

मी दाबलं. टक् झालं. आता दोन नव्या स्क्रीन उजळल्या आणि बायकोची मेली. मी नवं कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. बायकोची उजळली, नव्या दोन्ही मेल्या. एकूण प्रकार आमच्या ऑफिसातल्या दोन हेडक्लार्कांसारखा होता. एक खुर्चीत असला की दुसरा रजेवर असतो, आणि दोघंही हजर असले तर काम दोघांकडेही नसतं.

"दोघांत साहेब कोण, ते मशीनला सांगा," दुकानदार म्हणाला. "चालू होताना एक निळं पान येतं, त्यात लिहिलेलं असतं." मी ते निळं पान तीन वेळा उघडलं. त्यात मी जुन्या कार्डाला साहेब केलं, नव्याला केलं, मग पुन्हा जुन्याला केलं. (सेवाज्येष्ठता मी मोडू शकत नाही.) शेवटी दुपारी दोन वाजता बायकोची स्क्रीन तेवढी चालू झाली आणि सेटिंगच्या पानावर चार चौकटी दिसल्या. त्यांत एक, दोन, तीन, चार असे आकडे होते. दोन आणि तीन मंद होत्या. एक आणि चार झगझगीत.

माझ्याकडे स्क्रीन तीन होत्या. मी पुन्हा मोजल्या. मग टेबलाखालीही बघितलं.

चौथीचं काय करायचं, असं मशीन मला विचारत होतं. चित्र तिच्यावर पसरवू, का डुप्लिकेट दाखवू. मी एकवीस वर्षं आवक-जावक विभागात आहे. आमच्याकडे कागदाची स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात ठेवायची नक्कल, ठेवली नाही तर तो कागद निघालाच नाही असं समजतात. नसलेल्या स्क्रीनवर का होईना, प्रत राहिलेली बरी. मी बाणेदारपणे 'डुप्लिकेट'वर टिचकी मारली. हॉलमधला हत्तींचा आवाज त्याच सुमारास थांबला. म्हाताऱ्यांचा डोळा लागला असेल असं मला वाटलं.

मग मी इंटरनेटला शरण गेलो. मी टाइप केलं, 'दोन ग्राफिक्स कार्डं एकत्र का चालत नाहीत'. मग, 'चालत नसल्यास स्वतः काय करू नये'. वाचलं, तर ते सगळं करून झालं होतं. तिसऱ्यांदा लिहिलं, 'कॉम्प्युटर जोडून झाल्यावर एक स्क्रू उरल्यास चालेल का'.

दार वाजलं. सासरे चहा घेऊन उभे होते. चहा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "स्क्रू उरला तर चालत नाही हो, जावईबापू. घड्याळात तरी नाही चालत."

स्क्रू माझ्या खिशात होता. मी खिशावर हात ठेवला.

"सहज म्हटलं," ते म्हणाले आणि गेले.

अनुभव म्हणतात तो हा, असं मला वाटलं. पण धास्तीही वाटली. पुढच्या अर्ध्या तासात ते दोनदा येऊन गेले. एकदा म्हणाले, "दुकानदारालाच घरी बोलवा, खालून तिसऱ्या माणसानेही तेच लिहिलंय." कोणता तिसरा माणूस, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. ते गेल्यावर मी टाइप केलं, 'सासऱ्यांना खोलीबाहेर कसे ठेवावे, नम्रपणे'. त्यानंतर ते आले नाहीत. एवढा तत्काळ इलाज इंटरनेटवर मला पहिल्यांदाच लागू पडला.

साडेतीनला बायको आली. दाराबाहेरून तिने विचारलं, "कसं चाललंय?"

"उत्तम," मी म्हणालो आणि टाइप केलं, 'एका तासात सर्व पूर्ववत करण्याचा उपाय'. मग तास खोडून वीस मिनिटं केलं.

हॉलमध्ये सासऱ्यांचं आणि तिचं कुजबुजणं ऐकू आलं. मग काहीच ऐकू येईना. वीस मिनिटांनी बेल वाजली. गिऱ्हाईक दहा मिनिटं आधीच आलं होतं. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी पाणी मागितलं. आता कोणत्याही क्षणी ती त्या दोघांना घेऊन या खोलीत येणार होती आणि खोलीत एक धड स्क्रीन, दोन मेलेल्या, आणि उघड्या पोटाचा कॉम्प्युटर होता.

काय सांगावं ते सुचेना. मला तोंडी काहीच सांगता येत नाही, मसुदा केल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. मी कोरं पान उघडलं आणि लिहायला घेतलं:

'विषय: दोन स्क्रीन न चालल्याबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपण नको म्हटले असताना मी हे काम हाती घेतले. दोन्ही कार्डे सुस्थितीत आहेत. दोष माझा आहे. आपली मूळ स्क्रीन चालू असून नकाशाची फाइल सुरक्षित आहे, याची चार वेळा खात्री केली आहे.'

एवढं लिहून थांबायला हवं होतं. पण हात थांबेना. मला खरंच वाईट वाटत होतं. मी पुढे लिहिलं:

'माझी इच्छा इतकीच होती की, आपल्या पहिल्या कामाला माझाही थोडा हात लागावा. अठरा वर्षांत मी या घरात एक खुंटी ठोकली, तीही पडली. आपण फार चांगले नकाशे काढता, हे मी कधी बोललो नाही. क्षमा असावी. आपला, विश्वासू.'

मग दारापलीकडून बायकोचा आवाज आला. तो जरा ओला होता आणि जरा हसत होता.

"संदर्भ क्रमांक राहिला," ती म्हणाली.

मी दार उघडलं. हॉलमध्ये सासरे, बायको, गिऱ्हाईक आणि त्यांची पत्नी ओळीने बसले होते. समोर टीव्हीवर माझं पत्र होतं, शेवटच्या शब्दापुढे कर्सर लुकलुकत होता. भिंतीतली काळी वायर टीव्हीच्या पाठीत शिरली होती. तीन वर्षांपूर्वी सहलीचे फोटो मोठे दिसावेत म्हणून ती कोणी ओढली होती, ते मला तिथेच आठवलं. मीच ओढली होती. म्हणजे बायकोला हवी असलेली दुसरी स्क्रीन तीन वर्षं हॉलमध्ये लावलेली होती, आणि तिच्यावर आम्ही हत्ती बघत होतो.

"बाबा, तुम्ही मला सांगितलं कसं नाही?" मी सासऱ्यांना विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम दाखवताय," ते म्हणाले. "हत्तींपेक्षा बरं होतं."

बायको आत गेली. माझं पत्र बाजूला सारून तिने नकाशा उघडला. बेचाळीस इंची टीव्हीवर ते घर असं काही उभं राहिलं की गिऱ्हाईक खुर्चीत पुढे सरकले. तासाभरात सगळं ठरलं. काम तिला मिळालं. जाताना गिऱ्हाइकांच्या पत्नीने एकच बदल सुचवला.

"आमचेही असेच आहेत हो," त्या आपल्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "मागच्या बाजूला यांच्यासाठी एक लहान खोली निघेल का? दुरुस्त्या करायला."

"निघेल," बायको म्हणाली. "तीत विजेचा पॉइंट ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने नव्या नकाशाच्या दोन प्रती छापल्या. एक लिफाफ्यात घातली. दुसरीवर, त्या दुरुस्त्यांच्या लहान खोलीच्या चौकटीत, आमच्या मागच्या खोलीची मोजमापं पेन्सिलीने लिहिली आणि ती माझ्या हातात दिली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"स्थळप्रत," ती म्हणाली.